संकष्टीच्या संध्याकाळी वाढणारा विसर : नाशिकमधील एका घराचा प्रकरण अभ्यास

रुग्ण ७१ वर्षांच्या निवृत्त प्राथमिक शिक्षिका. इंदिरानगरला मुलगा, सून आणि नातीबरोबर राहतात. मधुमेह १२ वर्षांचा, रक्तदाब ९ वर्षांचा. पूर्ण शाकाहारी. अशा घरांमध्ये वारंवार आढळणाऱ्या गोष्टी एकत्र करून हे प्रकरण मांडलं आहे. माणसं ओळखता येणार नाहीत, आकडे नमुन्याचे आहेत.

तक्रार घेऊन आली ती सून. आजींच्या मते सगळं ठीक होतं, 'वय झालं की थोडं होतंच'. इथेच पहिली खूण मिळते. नुसत्या वयामुळे विसरणारा माणूस स्वतःच कुरकुरतो. अल्झायमरच्या बाबतीत बहुतेक वेळा कुरकुर घरच्यांची असते आणि रुग्ण ती हसण्यावारी नेतो.

दीड वर्षाचा इतिहास असा. आमटीत एका वेळी मीठ दोनदा पडायचं, पुढच्या वेळी मिठाचा पत्ताच नाही. 'दूधवाला आला का?' हा प्रश्न दहा मिनिटांत चारदा. पेन्शनचं पासबुक आयुष्यभर स्वतः सांभाळलं, ते आता उघडलं की रागाने बाजूला सारायचं. काळारामाचं दर्शन घेऊन परतताना रिक्षावाल्याला पत्ता सांगितला तो भद्रकालीतल्या जुन्या वाड्याचा, जो सोडून २६ वर्षं झाली. जुनं लख्ख आठवतं आणि सकाळचं पुसलं जातं, हा क्रम अल्झायमरला धरून आहे. कारण बिघाड सुरू होतो तो नव्या आठवणी साठवणाऱ्या भागापासून. 'साठी बुद्धी नाठी' म्हणत घरच्यांनी वर्ष काढलं.

मग संध्याकाळचा प्रकार वाढला. काही दिवशी साडेसहा-सातच्या सुमारास आजी घामाघूम व्हायच्या, चिडायच्या, नातीला ओळखायच्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा बऱ्यापैकी. अल्झायमरमध्ये दिवस मावळताना बेचैनी वाढते हे खरं, पण ती अशी अधूनमधून, ठरावीक दिवशीच कशी येईल? सून भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाच्या रतिबाचे खाडे लिहायची. त्याच चौकटीत तिने 'फार गोंधळ' अशाही नोंदी केल्या होत्या. चार महिन्यांची पानं शेजारी ठेवली तेव्हा बहुतेक नोंदी संकष्टी आणि एकादशीला पडलेल्या निघाल्या.

पुढच्या संकष्टीला पावणेसातला ग्लुकोमीटर लावला. साखर ५८.

उलगडा सोपा आहे आणि मधुमेही वृद्ध असलेल्या कोणत्याही घरात लागू पडेल. आजी सकाळी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडची एकत्र गोळी घ्यायच्या. ग्लिमेपिराइड पोटात अन्न असो वा नसो, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. संकष्टीला सकाळी चहा, दुपारी थोडी साबुदाण्याची खिचडी, मग चंद्रोदयापर्यंत काही नाही, आणि चतुर्थीचा चंद्र उगवायला साडेआठ-नऊ, कधी त्याहून उशीर. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. साखर भर्रकन चढते, गोळीच्या जोरावर उतरते आणि संध्याकाळी तळ गाठते. त्यात किडनीचं काम वयाने मंदावलेलं, म्हणून गोळीचा असर लांबतो. शिवाय विसर आहेच. गोळी घेतल्याचं विसरून दुसरी घेतली गेली असण्याची शक्यता पट्टीतल्या रिकाम्या खळ्या मोजून दिसत होती. पट्टी १ तारखेला उघडलेली, रोज एकच गोळी, आणि १२ तारखेला १५ खळ्या रिकाम्या होत्या.

साखर ७० च्या खाली दिसली तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजायची. वाढली नसेल तर तेवढीच पुन्हा. एवढ्यावर थांबू नये. या गोळीने उतरलेली साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून लगेच पोटभर जेवण आणि रात्री एकदा मोजणी. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नये, थेट दवाखाना.

या घरात सगळे समाधानी होते ते एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.४ आल्याबद्दल. तरुण माणसाला हा आकडा शोभतो. स्मृती ढासळलेल्या आणि साखर उतरवणारी गोळी घेणाऱ्या वृद्धात तो शंका घ्यायला लावणारा आहे. अशा रुग्णांसाठी ८ च्या खाली एवढं उद्दिष्ट पुरतं. साखर वारंवार तळाला जाणं मेंदूला जास्त महागात पडतं.

गोळ्यांचा डबा

आहाराकडे वळण्याआधी डबा रिकामा करावा. घरच्यांनी डॉक्टरांना दाखवलेल्या कागदावर पाच औषधं होती, डब्यात आठ. पॅन्टोप्राझोल ही ॲसिडिटीची गोळी चार वर्षं रोज चालू, का ते कोणालाच ठाऊक नाही. लघवीची घाई होते म्हणून ऑक्सिब्युटिनिन. शिंका आल्या की रात्री क्लोरफेनिरामिन असलेली सर्दीची गोळी, औषधाच्या दुकानातून सरळ आणलेली.

शेवटच्या दोन गोळ्यांवर बोट ठेवायला हवं. अल्झायमरमध्ये मेंदूतलं ॲसिटिलकोलिन, म्हणजे पेशींमध्ये निरोप पोचवणारं रसायन, कमी पडतं. या दोन्ही गोळ्या नेमकं त्याचंच काम अडवतात. डोनेपेझिल हे अल्झायमरचं औषध ॲसिटिलकोलिन टिकवून धरतं. म्हणजे डोनेपेझिल आणि ऑक्सिब्युटिनिन एकत्र देणं हे एका हाताने भरून दुसऱ्या हाताने सांडण्यासारखं आहे, आणि तरी ही जोडी चिठ्ठ्यांवर सर्रास दिसते.

मेटफॉर्मिन आणि पॅन्टोप्राझोल ही दुसरी जोडी. दोन्हींमुळे बी-१२ चं शोषण घटतं. शाकाहारी माणसाला बी-१२ मिळतं ते दूध, दही, ताक यांतून, तेही बेताचं. आजींचं बी-१२ आलं १४८. २०० च्या खाली कमतरता धरतात. हिमोग्लोबिन १०.८. तळपायांना मुंग्या वर्षभर होत्या, त्या 'साखरेमुळे' म्हणून सोडून दिल्या होत्या.

बाकी तपासण्या: टीएसएच (थायरॉइडसाठी), सोडियम, कॅल्शियम, क्रिएटिनिन, लघवीचा जंतुसंसर्ग, ईसीजी, मेंदूचा एमआरआय, ऐकण्याची चाचणी, डोळे. मोका ही ३० गुणांची स्मृतिचाचणी मराठीतही होते. २६ आणि वर सामान्य धरतात. आजींना १८. वाचून दाखवलेल्या पाच शब्दांपैकी पाच मिनिटांनी एकही आठवला नाही, आणि इशारा देऊनही फरक पडला नाही. इशाऱ्याने आठवत असेल तर आठवण साठलेली असते, फक्त बाहेर येत नसते. इथे ती साठलीच नव्हती. एमआरआयमध्ये दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी साठवणारे भाग, आक्रसलेले, शिवाय रक्तदाबामुळे होणारे बारीक पांढरे डाग. डोक्यात रक्त साकळलेलं नाही, पाणी भरलेलं नाही.

निदान: सौम्य टप्प्यातला अल्झायमर, आणि त्यावर चढलेले चार थर. साखर उतरणं, बी-१२ ची कमतरता, गोंधळ वाढवणारी औषधं, आणि कमी झालेलं ऐकणं (४८ डेसिबलपेक्षा हळू आवाज ऐकूच येत नाही). खालचा आजार आज बरा होत नाही. वरचे थर काढता येतात, आणि रुग्णाला व घराला जो फरक जाणवतो तो बहुतेक तिथूनच येतो. 'स्मृती वाढवणारं काय खायला द्यायचं?' हा प्रश्न आम्ही मुद्दाम मागे ठेवतो तो याचसाठी.

डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड बंद केलं, मेटफॉर्मिन कमी मात्रेत ठेवलं आणि साखर तळाला न नेणारी दुसरी गोळी जोडली. बी-१२ ची १००० मायक्रोग्रॅमची इंजेक्शनं आधी रोज आठवडाभर, मग दर आठवड्याला महिनाभर, पुढे महिन्याला एक. पॅन्टोप्राझोल एकदम थांबवलं तर ॲसिडिटी उसळते, म्हणून एक दिवसाआड करत महिन्याभरात सोडलं. ऑक्सिब्युटिनिनऐवजी दर दोन-अडीच तासांनी 'चला, जाऊन येऊ' एवढंच. ईसीजी आणि नाडी पाहून डोनेपेझिल ५ मिलिग्रॅम सुरू झालं. डब्याची किल्ली सुनेकडे. गोळी हातात देऊन, गिळेपर्यंत समोर थांबून.

ताट

भूमध्यसागरी आहार आणि रक्तदाब उतरवण्यासाठीचा 'डॅश' आहार एकत्र करून शिकागोत बेतलेल्या 'माइंड' आहाराचा बोलबाला २०१५ पासून आहे. तो काटेकोर पाळणाऱ्यांमध्ये अल्झायमरचं प्रमाण ५३ टक्के कमी दिसलं होतं. पण ते निरीक्षण होतं. २०२३ साली ६०४ जणांवर तीन वर्षांची रीतसर चाचणी प्रसिद्ध झाली, तेव्हा नेहमीचाच आहार थोडा कमी खाणाऱ्यांच्या तुलनेत खास फरक निघाला नाही. दुसरीकडे फिनलंडमधल्या 'फिंगर' अभ्यासात आहार, व्यायाम, मेंदूला काम आणि रक्तदाब-साखरेवर नजर अशा चारही गोष्टी एकत्र केल्या. धोका असलेल्या १२६० जणांमध्ये दोन वर्षांत, नुसता सामान्य सल्ला मिळालेल्या गटापेक्षा विचारशक्तीच्या चाचण्यांत बरी कामगिरी दिसली. अमेरिकेतल्या २०२५ च्या 'पॉइंटर' अभ्यासाचाही कल तोच. एकट्या आहारावर भिस्त ठेवू नये, आणि आहार सोडूनही देऊ नये, असा त्याचा व्यवहारी अर्थ. ऑलिव्ह तेल आणि ब्लूबेरीसाठी नाशिकच्या माणसाने खिसा हलका करायची गरज नाही. पालेभाज्या, कडधान्यं, जवस, शेंगदाणा तेल, पेरू, जांभळं, काळी द्राक्षं आपल्याकडे आहेतच. द्राक्षं मात्र मधुमेह्याने १२-१५ मण्यांवर थांबवावीत, आणि हंगामात घरात पेटी येते तेव्हा हे सांगावंच लागतं.

आजींचं वजन वर्षभरात ५८ वरून ५४ किलोवर आलं होतं. साखर 'कंट्रोल'मध्ये म्हणून घरचे खूश होते. या वयात, या आजारात वजन घटणं वाईट. म्हणून पहिलं लक्ष्य प्रथिनं: किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे दिवसाला ५४ ते ६५ ग्रॅम. (किडनीचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांनीच ठरवायचा.) आधी त्या जेमतेम ३५ ग्रॅम खात होत्या, कारण दिवसभर चहा-बिस्किट, पोळी-भाजी आणि रात्री दूध-भात.

नवा दिवस असा बसवला. सात वाजता चहाबरोबर भिजवलेले १० बदाम आणि अक्रोडाचे चार अर्धे तुकडे. साडेआठला ५० ग्रॅम मुगाची दोन धिरडी, ताज्या चटणीबरोबर, किंवा दुधातली नागलीची आंबील आणि सोबत वाफवलेले मूग. साडेबाराला दोन पोळ्या, थंडीत बाजरीची भाकरी, ४० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ, मेथी, चाकवत, तांदुळजा, शेपू यांपैकी एक पालेभाजी वाटीभर, आणि दही. जवस भाजून, कुटून, एक मोठा चमचा चटणीतून. अख्खं जवस तसंच बाहेर पडतं, कुटलेलंच उपयोगी. चारला मूठभर फुटाणे किंवा दात साथ देत नसतील तर त्याचं पीठ ताकात, आणि एक फळ. सातला मुगाची खिचडी, पण तांदूळ ३० ग्रॅम आणि डाळ ४०, म्हणजे नेहमीच्या उलट. झोपण्याआधी पेलाभर दूध. बेरीज ६० ग्रॅमच्या आसपास जाते. तेल दिवसाला चार छोटे चमचे. मीठ सगळं धरून एक छोटा चमचा, ५ ग्रॅम. लोणचं, पापड, चिवडा या हिशेबात मोडतात.

पाण्याचं वेगळं सांगावं लागतं, कारण तहानच लागत नाही. सकाळी तांब्या भरून ठेवायचा आणि संध्याकाळपर्यंत तो दोनदा रिकामा झाला पाहिजे. एप्रिल-मेमध्ये तीनदा. पाणी कमी पडलं की लघवीचा संसर्ग, आणि त्यातून एका रात्रीत वाढणारा गोंधळ, ज्याला घरचे 'आजार वाढला' समजतात.

ताटात काय आहे याइतकंच ते कसं ठेवलंय हे महत्त्वाचं. 'मी जेवले' असं आजी जेवणाआधीच सांगायच्या. वाद घातला की दोन्ही बाजूंनी भडका. 'थोडं चाखून बघा, मीठ बरोबर आहे का' म्हटलं की बसायच्या, कारण ते काम त्यांनी चाळीस वर्षं केलंय. सगळ्यांनी एकत्र बसायचं. टीव्ही बंद. पांढऱ्या ताटलीत पांढरा भात नीट दिसत नाही, चकचकीत स्टीलवर उजेड परावर्तित होतो. गडद निळी ताटली आणली आणि अर्धवट टाकलेलं अन्न कमी झालं. पाच वाट्या एकदम मांडू नयेत. दोन पुरे, त्या संपल्या की पुढच्या.

संकष्टीचं काय? बंद करायला सांगून उपयोग नव्हता. एक तर श्रद्धा, दुसरं म्हणजे 'बंद' केल्याचं त्या विसरणार आणि दर महिन्याला तेच भांडण नव्याने. उपवास ठेवला, उपाशी राहणं काढलं. सकाळी राजगिऱ्याचं थालीपीठ आणि दही, दुपारी भगर वाटीभर आणि दाण्याची आमटी भरपूर, चारला फळ आणि दाणे, सहाला दूध. चंद्रोदयाला आरती, नैवेद्य आणि हलकं जेवण. सहाला साखर मोजायची. धोक्याची गोळी गेल्यापासून एकदाही ९० च्या खाली आली नाही.

कुठे अडलं

तिसऱ्या आठवड्यात जुलाब सुरू झाले, भूक गेली, वजन ५३. डोनेपेझिलचा हा ठरलेला त्रास. सुनेने गोळी आपल्या मनाने बंद केली. डॉक्टरांनी ती रात्रीऐवजी सकाळी नाश्त्यानंतर द्यायला सांगितली आणि दहा दिवसांत पोट सावरलं. रात्री भयंकर स्वप्नं पडत होती, तीही वेळ बदलल्यावर थांबली. १० मिलिग्रॅमवर न्यायची घाई केली नाही.

मुलाने मोबाइलवर पाहून रोज दोन मोठे चमचे खोबरेल तेल आणि गिंको बिलोबाच्या कॅप्सूल आणल्या. तेलाने २४० कॅलरी वाढतात, भूक मरते आणि एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) चढतं. अल्झायमरवर त्याचा भरवशाचा पुरावा नाही. गिंकोची तीन हजारांहून अधिक वृद्धांवर अमेरिकेत चाचणी झाली, २००८ मध्ये निष्कर्ष आला: डिमेन्शिया (अल्झायमर ज्यात मोडतो तो स्मृतिभ्रंश) टळत नाही. आजी ॲस्पिरिन घेत होत्या, त्यात गिंको म्हणजे रक्तस्रावाची भीती. दोन्ही बंद. हळद रोजच्या फोडणीत राहू द्यावी, तिच्या कॅप्सूलना पैसे घालू नयेत.

जानेवारीत थंडीने शिंका सुरू झाल्या आणि कुणीतरी पुन्हा तीच सर्दीची गोळी दिली. दोन दिवस आजी दारात बसून 'शाळा सुटली का' विचारत होत्या. आता डब्याच्या झाकणावर आतून मोठ्या अक्षरांत चिठ्ठी आहे: दुकानातून परस्पर सर्दीची किंवा झोपेची गोळी आणायची नाही.

ऐकण्याचं यंत्र पहिल्या आठवड्यात दोनदा कचऱ्यात गेलं, कागदी रुमालात गुंडाळून. मग दिवसाला एक तास, तोही घरात, शांत खोलीत, आणि काढलं की ठरलेल्या पिवळ्या डबीत. महिन्याभरात सहा तासांवर आल्या. कानात शब्दच नीट पोहोचला नाही तर तो आठवणार कुठून, हे घरच्यांच्या लक्षात यायला वेळ लागतो. 'आई ऐकून घेत नाही' ही तक्रार मात्र लगेच कमी झाली.

चालणं आठवड्याला १५० मिनिटं. जॉगिंग ट्रॅकवर, सोबत कुणीतरी, खिशात पत्ता आणि दोन मोबाइल नंबर. डिसेंबर-जानेवारीत नाशिकला पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो, त्या दिवसांत आठनंतर. शिवाय खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, आठ-आठचे दोन फेरे. मेंदूला काम म्हणून सुडोकू आणलं होतं, ते जमेना आणि रडू यायला लागलं. त्याऐवजी मेथी निवडणं, मटार सोलणं, नातीचे पाढे घेणं. एकोणतिसाचा पाढा त्या आजही न अडखळता म्हणतात. दुपारची झोप अर्धा तास, चारनंतर चहा नाही, साडेपाचला घरातले सगळे दिवे लावायचे. गॅसचा कॉक स्वयंपाक झाला की बंद.

कागदपत्रं लवकर उरकली, आणि ते बरं झालं. मुखत्यारपत्र करणाऱ्याची समज गेली की साधं मुखत्यारपत्र कायद्याने संपतं, त्यामुळे 'पुढे बघू' म्हणून चालत नाही. आजींना कळत होतं तोवरच मृत्युपत्र, बँकेचं संयुक्त खातं आणि नामनिर्देशन झालं. नोव्हेंबरचा हयातीचा दाखला मुलाच्या फोनमध्ये आठवण लावून.

सहा महिन्यांनी वजन ५५.५, रक्तदाब १५८ वरून १३२ वर, बी-१२ पुरेसं, तळपायाच्या मुंग्या कमी. संध्याकाळचे झटके बंद. मोका १८ वरून २०. पाच शब्दांपैकी आठवले मात्र शून्यच, वाढलेले गुण लक्ष देण्याचे आणि आकडेमोडीचे होते. वर्षाच्या शेवटी पुन्हा १८. आजार पुढे सरकतोच आहे. दर महिन्याच्या एक तारखेला वजन होतं. महिन्यात ५ टक्के उतरलं तर वाट न पाहता दाखवायचं. आठवड्यातून एक पूर्ण दिवस नणंद येते आणि सून सुट्टी घेते, ही व्यवस्था औषधांइतकीच काटेकोर पाळली जाते. पाळली नाही तर बाकीचं वेळापत्रक पंधरवड्यात कोसळतं.

खरा प्रतिबंध या घरात आजींसाठी उरला नव्हता, तो मुलासाठी होता. 'लॅन्सेट' आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार बदलता येण्याजोग्या १४ घटकांवर आयुष्यभर काम झालं तर जगातला जवळजवळ ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येऊ शकतो. त्यातले बरेच घटक ऐन मध्यमवयात मेंदूला पोखरतात: रक्तदाब, मधुमेह, एलडीएल, ऐकणं कमी होणं, लठ्ठपणा, धूम्रपान, डोक्याचा मार. मुलगा ४७ वर्षांचा, अंबडच्या औद्योगिक वसाहतीत प्रेस शॉपवर. त्याचा रक्तदाब पहिल्यांदाच नीट मोजला तो १४६/९२. एलडीएल १६८. कंबर १०२ सेंटिमीटर, भारतीय पुरुषाला ९० ची मर्यादा. ऐकण्याच्या आलेखात ४००० हर्ट्झला खड्डा, यंत्राच्या आवाजाने पडतो तसा. कंपनीने दिलेले कानातले बोळे वर्षानुवर्षं लॉकरमध्ये पडून होते. आता ते पाळीभर कानात असतात, रक्तदाबाची गोळी सुरू आहे, कॅन्टीनमधला वडापाव आठवड्यातून एकदाच, आणि ट्रॅकवर आईला सोबत द्यायची जबाबदारी त्याने घेतली आहे. पुढची तपासणी दोघांची एकाच दिवशी ठेवली आहे: आजींचं वजन, नाडी आणि बी-१२, मुलाचा रक्तदाब आणि एलडीएल.